दूरची वाणी आणि जवळची शाळा

शिक्षणाचा विषय निघाला की अलीकडे एका वादाला तोंड फुटल्यावाचून राहत नाही. एक पक्ष म्हणतो, आता शाळेच्या चार भिंतींची गरज ती काय उरली? उत्तमातल्या उत्तम अध्यापकाचा पाठ मोबाईलच्या पडद्यावर हवा तेव्हा पाहता येतो. मग गावोगाव सामान्य शिक्षक कशाला नेमायचे? दुसरा पक्ष म्हणतो, पडद्यावरचे शिक्षण हे शिक्षणच नव्हे. गुरूच्या सान्निध्यावाचून विद्या येत नाही. दोन्ही पक्षांचे लोक मोठ्या तावातावाने बोलतात, आणि दोघांचीही समजूत अशी असते की हा प्रश्न आपल्याच पिढीपुढे प्रथम उभा राहिला आहे.

आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न निदान पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. टपाल आले तेव्हा तो निघाला, नभोवाणी आली तेव्हा निघाला, दूरचित्रवाणी आली तेव्हा निघाला, आणि आता इंटरनेटच्या निमित्ताने निघाला आहे. प्रत्येक वेळी नव्या साधनाच्या भक्तांनी सांगितले की आता वर्ग नको. आणि प्रत्येक वेळी अनुभव असा आला की ते साधन जिथे माणसांच्या प्रत्यक्ष बैठकीशी जोडले गेले तिथे ते रुजले, आणि जिथे एकटे सोडले गेले तिथे थोड्याच लोकांच्या उपयोगी पडले. हा अनुभव कोणत्या क्रमाने येत गेला, तेवढे या लेखात पाहावयाचे आहे. ही केवळ जुन्या गोष्टींची उजळणी नव्हे. शाळेच्या दाराबाहेर कोण राहतो आणि का राहतो, हा या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आणि तो अजून सुटलेला नाही.

प्रारंभ टपालापासून करू. १८४० साली इंग्लंडात एक पेनीत देशभर कोठेही पत्र पोहोचविण्याची व्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षी आयझॅक पिटमन याने आपली लघुलेखनाची पद्धती टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने बायबलातील उतारा लघुलिपीत लिहून पाठवावा आणि पिटमनने तो तपासून परत करावा, असा तो क्रम होता. यातला ‘तपासून परत’ हा भाग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पिटमनची पुस्तके बाजारात मिळतच होती. पुस्तक टपालाने पाठविण्यात नवे असे काही नव्हते. नवी गोष्ट ही की, दूर बसलेल्या विद्यार्थ्याची चूक दूर बसलेल्या शिक्षकाला दिसू लागली. शिक्षण एका दिशेने वाहत नसते, ते परत यावे लागते, हे तत्त्व या पहिल्याच प्रयोगात दिसून येते.

दुसरा प्रसंग अधिक मनोरंजक आहे, आणि व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना तो विशेष जवळचा वाटावा असा आहे. १८६७ साली केंब्रिजचा एक तरुण अध्यापक, जेम्स स्टुअर्ट, याला उत्तर इंग्लंडातील स्त्रियांच्या संघटनांनी व्याख्यानांसाठी बोलाविले. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल अशा शहरांत तो आळीपाळीने जाऊ लागला. विद्यापीठाची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. तेव्हा ही व्याख्याने हीच त्यांची शाळा. स्टुअर्टला वाटले की, नुसते बोलून उपयोग नाही. श्रोत्यांना प्रश्न विचारले पाहिजेत. परंतु एका तरुण पुरुषाने भर सभेत तरुण स्त्रियांना प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उभे राहून उत्तरे द्यावीत, हे त्या काळच्या सभ्यतेला मानवणारे नव्हते. तेव्हा तोड अशी निघाली की, प्रश्न छापून वाटावेत, स्त्रियांनी घरी बसून उत्तरे लिहावीत आणि टपालाने पाठवावीत. उत्तरे आली ती त्याच्या अपेक्षेच्या कितीतरी पट. जी स्त्री सभेत तोंड उघडू शकत नव्हती ती कागदावर मोकळेपणाने लिहीत होती.

पुढे हाच स्टुअर्ट रॉचडेल येथील कामगारांच्या सहकारी संस्थेत व्याख्याने देऊ लागला. एकदा व्याख्यानाच्या आकृत्या भिंतीवर तशाच टांगलेल्या राहिल्या. पुढच्या खेपेस त्याला कळले की, सभासद मंडळी मधल्या दिवसांत त्या आकृत्यांभोवती जमून चर्चा करीत होती आणि त्यांना पुष्कळ काही विचारावयाचे होते. मग व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वेगळा वर्ग घेण्याची प्रथा पडली. म्हणजे स्त्रियांच्या संकोचातून टपालाचा अभ्यास निघाला आणि कामगारांच्या कुतूहलातून चर्चेचा वर्ग निघाला. व्याख्यान, छापील टाचण, लेखी उत्तरे आणि वर्ग या चारही अंगांची मिळून एक पद्धती झाली. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने ती आपलीशी केली आणि विद्यापीठाबाहेरील शिक्षणाची मोठी चळवळ तीतून उभी राहिली. आज ज्याला ‘मिश्र अध्ययन’ असे भारदस्त नाव देतात त्याचे सगळे अवयव दीडशे वर्षांपूर्वीच्या या खटाटोपात आढळतात, आणि ते कोणा पंडिताने योजून बसविलेले नाहीत. निरनिराळ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांच्या अडचणींनी ते घडविले आहेत.

अटलांटिकच्या पलीकडेही १८७३ सालीच बॉस्टनमध्ये ॲना टिकनॉर या बाईंनी घरी राहून अभ्यास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक मंडळ काढले. ते १८९७ पर्यंत चालले आणि त्या अवधीत सुमारे सात हजार स्त्रियांनी त्याचा लाभ घेतला. सुशिक्षित स्त्रिया स्वयंसेविका म्हणून दर महिन्यास विद्यार्थिनींना पत्रे लिहीत, त्यांचे वाचन विचारीत, शंका फेडीत. संसाराच्या राहाट्यात गुंतलेल्या बाईला रोज वर्गात येता येत नसे. पण आपल्या नावाने कोणीतरी पत्र लिहिते आहे, आपल्या उत्तराची वाट पाहते आहे, एवढ्याने तिचा अभ्यास टिकत असे.

येथे आपल्या घरच्या एका गोष्टीचे स्मरण केले पाहिजे. अंतर हे नेहमी कोसांतच मोजावयाचे असते असे नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालविली. त्या विद्यार्थ्यांची घरे शाळेपासून दूर नव्हती. दूर होते ते घड्याळ. दिवसा पोटामागे धावणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा ही विलायतेइतकीच लांब. फुले दांपत्याने शाळेची वेळ बदलली आणि ते अंतर तोडले. तेव्हा विद्यार्थी दूर आहे असे म्हणताना तो कशाने दूर आहे हे आधी पाहावे लागते. कोणी रस्त्याने दूर असतो, कोणी वेळेने, कोणी जातीच्या उंबरठ्याने, कोणी संकोचाने, कोणी पैशाने. एका औषधाने हे सगळे रोग बरे होणार नाहीत.

टपालानंतर नभोवाणीची पाळी आली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी शेकडो मैलांवर एकेक घर असलेली गुराढोरांची कुरणे आहेत. तेथील मुलांसाठी टपालाचे पाठ होते. पण सवंगडी नाही, शिक्षकाचा आवाज नाही, अशा स्थितीत मुले ते कंटाळत. तेथे आजाऱ्यांसाठी विमानाने धावणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेचे दुतर्फा बोलण्याचे यंत्र घरोघर होते. ॲडलेड मीथके या शिक्षिकेला सुचले की, याच यंत्रावरून शाळा का भरवू नये? ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथून ती शाळा सुरू झाली. आरंभी शिक्षक बोलत आणि मुले ऐकत. थोड्याच दिवसांत पाठाच्या शेवटी मुलांनी बोलण्याची वेळ जोडावी लागली, आणि शाळेत खरा जीव आला तो तेव्हा. घरी आईने किंवा दुसऱ्या कोणी मोठ्या माणसाने मुलाजवळ बसून अभ्यास घ्यावयाचा, टपालाने वह्या पाठवावयाच्या, आवाजाने वर्ग भरवावयाचा, आणि वर्षातून काही दिवस सर्वांनी गावात एकत्र जमावयाचे, अशी तिची घडी बसली. पुढे यंत्राच्या जागी उपग्रहाद्वारे येणारे इंटरनेट आले. पण घरचे माणूस आणि एकत्र जमण्याचे दिवस यांना त्याने रजा दिली नाही.

नभोवाणीचा याहूनही बोलका प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत याचे आम्हांस वाईट वाटते. १९५६ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी मराठीत वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले. आठवड्यातून दोन कार्यक्रम, प्रत्येक अर्ध्या तासाचा; विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, ग्रामपंचायतीचे. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक लोकांचे एक श्रोतृमंडळ. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, नंतर त्यावर चर्चा करावयाची, आणि जमल्यास काही ठरवून ते अमलात आणावयाचे. शंका राहिल्या तर त्या पुणे केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या, आणि त्यांची उत्तरे पुढे नभोवाणीवरून मिळावयाची. कल्पना मूळची कॅनडातील शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांची; ती तेथे १९४१ पासून चालू होती.

या प्रयोगाची खरी थोरवी त्याच्या परीक्षेत आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ती परीक्षा केली आणि पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने तिची सूत्रे सांभाळली. ज्या गावांत श्रोतृमंडळे होती त्यांतील काही गावे त्यांनी घेतली. त्यांच्या तुलनेला दुसरी काही गावे अशी घेतली की जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते. आणि आणखी काही अशी, की जिथे रेडिओही नव्हता. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले आढळले. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत मात्र वाढ अगदी किरकोळ होती. तेच कार्यक्रम, तीच भाषा, तसाच शेतकरी. फरक एवढाच की एका ठिकाणी माणसे वाणी ऐकून परस्परांशी बोलली आणि दुसऱ्या ठिकाणी वाणी नुसतीच चावडीवर वाजत राहिली. मंडळांनी केवळ माहितीही मिळविली नाही. कोठे विहिरी खोदण्याचे ठरले, कोठे जातिवंत वळू विकत घेतला, कोठे बालवाडी निघाली. १९५९ पासून ही श्रोतृमंडळे देशभर काढण्यात आली. परंतु मंडळांची संख्या वाढविणे सोपे असते. प्रत्येक मंडळाला जागता निमंत्रक मिळणे कठीण असते. जिथे तो नव्हता तिथे मंडळ कागदावर राहिले आणि रेडिओ गाण्यांसाठी उरला.

आता दूरचित्रवाणीकडे येऊ. इंग्लंडच्या मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात ‘हवेतले विद्यापीठ’ काढण्याची कल्पना मांडली. पुढे विल्सन पंतप्रधान झाले आणि जेनी ली या बाणेदार मंत्रीणबाईंनी ती कल्पना चिकाटीने तडीस नेली. १९६६ साली सरकारी श्वेतपत्रिका निघाली, १९६९ साली सनद मिळाली, आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशी अभ्यास सुरू झाला. पूर्वीच्या परीक्षांचे कोणतेही प्रमाणपत्र न मागता प्रवेश देणारे हे विद्यापीठ. या अवधीत त्याचे नाव बदलले, ही गोष्ट साधी दिसली तरी अर्थपूर्ण आहे. ‘हवेतले’ हा शब्द गळाला आणि ‘मुक्त’ हा शब्द आला. कारण योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आले की, हवेतून येणारे चित्र हा या विद्यापीठाचा लहानसा भाग असणार. विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ छापील पाठ वाचण्यात आणि स्वाध्याय लिहिण्यात जाणार. ते स्वाध्याय तपासणारा एक नेमलेला शिक्षक असणार. गावोगाव अभ्यासकेंद्रे असणार. आणि उन्हाळ्यात एक आठवडा निवासी वर्ग भरणार. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोग करण्यासाठी साहित्याची पेटी पाठवीत. बीबीसीवरचे पाठ जगभर प्रसिद्ध झाले. पण २००६ साली ते पाठ दाखविणे थांबले तेव्हा विद्यापीठ बंद पडले नाही. चित्र गेले तरी चालले. तपासनीस शिक्षक गेला असता तर चालले नसते.

आपल्याकडे १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रचंड प्रयोग झाला. त्यातला एक भाग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सुटीच्या काळात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे बारा दिवसांचे शिक्षण या मार्गे देण्यात आले. शिक्षक केंद्रावर जमत, पडद्यावरील पाठ पाहत, नभोवाणी ऐकत, छापील पुस्तिका वाचीत, आणि मग एका मार्गदर्शक सहकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी प्रयोग करीत. अशा रीतीने चाळीस हजारांहून अधिक शिक्षकांपर्यंत पोहोचता आले. एवढ्या लोकांना एरवी कोणत्या अध्यापक विद्यालयाने सामावून घेतले असते? पण नुसते पडद्यापुढे बसवून त्यांना पाठविले असते तर वर्गात जाऊन त्यांच्याने एकही प्रयोग झाला नसता. पडद्याने विस्तार दिला, बैठकीने खोली दिली.

याच मार्गाने पुढे मुक्त विद्यापीठांची परंपरा भारतात आली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. आंध्रात १९८२ साली, दिल्लीत १९८५ साली इंदिरा गांधींच्या नावाने, आणि नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाणांच्या नावाने मुक्त विद्यापीठे निघाली. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली अशांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला, मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार केली, आणि ती वाचताना अडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे उघडली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. गंगा घरी आणावयाची तर पाट काढावे लागतात, आणि पाटाचे पाणी वळविणारा माणूस बांधावर उभा असावा लागतो. अभ्यासकेंद्रातील समंत्रक हा तो माणूस. तो जिथे मन लावून बसला तिथे गृहिणी, पोलीस शिपाई, कारखान्यातील कामगार यांनी पदव्या मिळविल्या. अभ्यासकेंद्र जर केवळ अर्ज भरण्याची खिडकी आणि परीक्षेची बाके एवढेच उरले, तर पुस्तक कितीही चांगले असो, विद्यार्थी एकटाच राहतो.

इंटरनेटच्या युगात हा सगळा अनुभव कोरी पाटी समजून पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोघा अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम सर्व जगाला विनामूल्य खुला केला. दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत पोहोचले ते त्यांचा लहानसा अंश. तरीही विद्यापीठांचे दिवस भरले, अशी भाकिते सुरू झाली. त्या वेळी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सरकारी विद्यापीठात दोन प्रयोग पाठोपाठ झाले, आणि त्या दोहोंची तुलना म्हणजे या विषयाचे सारच होय.

पहिला प्रयोग २०१२ च्या उत्तरार्धातला. विद्युत्‌मंडलांचा विषय तेथे अवघड समजला जाई. एका वर्गाला मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित संस्थेतील अनंत अगरवाल यांचे पाठ घरी पडद्यावर पाहावयास सांगितले आणि वर्गातला वेळ अध्यापकाच्या देखत उदाहरणे सोडविण्यासाठी राखला. नेहमीच्या पद्धतीच्या वर्गांत शेकडा साठाच्या आतच विद्यार्थी उत्तीर्ण झाले. या वर्गात शेकडा ९१. दुसरा प्रयोग लगेच जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला. गणिताचे तीन अभ्यासक्रम एका खासगी कंपनीच्या साहाय्याने सर्वस्वी पडद्यावरून शिकविले. यात आधी गणितात नापास झालेले विद्यार्थी होते, गरीब वस्तीतील हायस्कुलांची मुलेही होती. काहींच्या घरी संगणक नाही हेही मागाहून कळले. निम्म्याहून अधिक विद्यार्थी नापास झाले आणि जुलैमध्ये प्रयोग स्थगित करावा लागला. उन्हाळ्यातील सत्रात निकाल सुधारला खरा. पण पाहिले तर त्या खेपेस नावे नोंदविणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक आधीच पदवीधर होते! ज्याला शिकावयाचे कसे हे ठाऊक आहे त्याला एकटा पडदा पुरतो. ज्याला ते अजून शिकावयाचे आहे त्याला पुरत नाही. शिक्षणाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याच हातात हे एकटे साधन सर्वांत दुबळे ठरते.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आवश्यक आहे. २००९ साली अमेरिकेच्या शिक्षणखात्याने पूर्वीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. केवळ वर्गातील शिक्षणापेक्षा मिश्र शिक्षण सरस ठरले, असा निष्कर्ष त्यात निघाला आणि तो सर्वत्र सांगितला जाऊ लागला. पण त्याच अहवालात हेही नमूद आहे की, मिश्र पद्धतीच्या विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाचा वेळ आणि साहित्य अधिक मिळाले होते. म्हणून यशाचे सगळे श्रेय साधनाला देता येत नाही. तसेच, एक विद्यार्थी डोळ्यांनी शिकणारा, दुसरा कानांनी, तिसरा हातांनी, आणि ज्याला त्याला त्याच्या जातकुळीचे साधन द्यावे, हा समज लोकप्रिय आहे. परंतु २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी त्याची छाननी केली तेव्हा त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. विद्यार्थ्यांचे प्रकार आहेत, हे खरे. पण ते मुख्यतः त्यांच्या परिस्थितीचे आणि पूर्वतयारीचे प्रकार आहेत. कोणाला दिवसा काम आहे, कोणाला भाषा नवी आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणी गणितात दोन इयत्ता मागे आहे. पाठ पुन्हा पुन्हा पाहता येणे, पडद्यावर अक्षरे उमटणे, आपल्या गतीने जाता येणे, हे या मुलांसाठी खरे वरदान आहे. परंतु कोण कोठे अडला आहे हे ओळखणारा शिक्षक नसेल तर ते वरदान वापरावयाचे कसे, हेच मुलाला कळत नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देशातील शाळा बंद झाल्या आणि आपण सर्वांनी इच्छा नसताना या परीक्षेला बसलो. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत असे आढळले की, ग्रामीण भागातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. वाढ मोठी खरी. पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. घरात फोन आहे याचा अर्थ मुलाच्या हातात फोन आहे असा होत नाही. तो बापाबरोबर कामावर जातो, आणि घरी राहिला तर आधी भावाकडे जातो, मग उरल्यास बहिणीकडे. त्या काळात महाराष्ट्रातील काही शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी जी युक्ती केली ती स्टुअर्टच्या आकृत्यांची आठवण करून देते. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत कर्ण्यावरून पाठ ऐकविले गेले आणि मुले अंतर राखून अंगणात बसली. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. महागड्या साधनाची वाट न पाहता, जे पोहोचेल ते साधन आणि त्याच्या शेजारी एक माणूस, हा जुनाच धडा त्यांनी पुन्हा गिरविला.

साथ सरली, शाळा उघडल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मिश्र पद्धतीचा पुरस्कार केला, आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग इंटरनेटवरून शिकविण्याची कल्पना चर्चेसाठी मांडली. आमचा या विचाराला विरोध नाही. उलट वरील सर्व इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. आमची भीती वेगळी आहे. जोड देणे म्हणजे दोन गोष्टी एकत्र करणे. त्या नावाखाली एकीच्या जागी दुसरी बसविणे नव्हे. शिक्षकाची जागा रिकामी ठेवून तेथे पडदा टांगला, तर त्याला काटकसर म्हणावे, शिक्षण म्हणू नये. पिटमनचा तपासलेला कागद, टिकनॉरबाईंची पत्रे, मंडळाचा निमंत्रक, अभ्यासकेंद्रातील समंत्रक, या सर्वांना वेळ लागला, श्रम लागले, पैसाही लागला. दूरची वाणी स्वस्त असते. जवळचा माणूस स्वस्त नसतो. आणि ज्या मुलाच्या घरी शिकलेले असे कोणीच नाही, त्याला वाणीपेक्षा माणसाचीच गरज अधिक.

म्हणून कोणतीही नवी योजना पुढे आली की तिला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. विद्यार्थ्याचे उत्तर परत कोणाकडे येते? तो अडला तर त्याच्या जवळ कोण आहे? आणि या साधनाने कोणती भिंत पडली, हे सांगताना कोणती नवी उभी राहिली आणि तिच्यामागे कोण राहिले, हे मोजले आहे काय? या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे देता आली, तर साधन टपालाचे असो की इंटरनेटचे, त्याचे स्वागत करावे.

शेवटी थोडे आपल्या स्वतःविषयी. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. केंब्रिजने आपली व्याख्याने गावोगाव नेण्यास आरंभ केला त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा आमचा दावा नाही. पण दोहोंमागची तळमळ एकच होती. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव वसंत ऋतूत व्याख्याने होतात, लोक आस्थेने ऐकतात, टाळ्या वाजवितात आणि घरी जातात. हीदेखील एका परीने दूरची वाणीच आहे; वक्ता पाच हातांवर असला म्हणून काय झाले? रॉचडेलच्या कामगारांनी आकृत्यांभोवती जमून जे केले ते आपण क्वचित करतो. अशा व्याख्यानमालांच्या चालकांनी प्रत्येक व्याख्यानाचे एक पानी टाचण छापावे, भाषण मोबाईलवर ऐकण्यास उपलब्ध करावे, आणि आठवड्याने एका लहान खोलीत ज्यांना यावयाचे त्यांनी येऊन प्रश्न विचारावेत, एवढे करून पाहण्यासारखे आहे. त्या खोलीत पहिल्या दिवशी पाचच माणसे येतील. त्या पाचांत सभेत कधी तोंड न उघडणारी एखादी बाई असेल, रात्रपाळी चुकवून आलेला एखादा कामगार असेल. त्यांच्यासाठी दिवा लावून ठेवावा.